अंतर्गत स्थितीवर अवलंबून असलेल्या कोडच्या युनिट टेस्ट कशा लिहाव्यात?

प्रश्न

आमच्या जावा प्रकल्पात बाहेरच्या सेवेकडे जाणाऱ्या प्रत्येक कॉलच्या वाटेवर एक सर्किट ब्रेकर आहे. तो क्लास आम्हीच लिहिलेला असून त्याच्या तीन स्थिती आहेत. क्लोज्ड असताना तो कॉल पुढे जाऊ देतो आणि लागोपाठ आलेली अपयशे मोजतो. लागोपाठ पाच अपयशे झाली की तो ओपन होतो आणि पुढचे ३० सेकंद एकही कॉल सेवेपर्यंत न पोहोचवता लगेच एक्सेप्शन फेकतो. ३० सेकंद उलटल्यावर तो हाफ-ओपन होतो, एकच कॉल चाचपणीसाठी पुढे सोडतो आणि त्या कॉलचा निकाल पाहून पुन्हा क्लोज्ड किंवा ओपन होतो. सध्याची स्थिती, अपयशांचा काउंटर आणि ओपन झाल्याची वेळ ही तिन्ही फील्ड प्रायव्हेट आहेत. बाहेरून वापरता येणारी पब्लिक मेथड एकच आहे, ती म्हणजे कॉल चालवणारी.

या क्लासच्या सगळ्या टेस्ट रिफ्लेक्शनच्या, म्हणजे प्रोग्राम चालू असताना फील्डना नावाने हात घालण्याच्या सोयीच्या, आधारे लिहिलेल्या आहेत. प्रत्येक टेस्ट प्रायव्हेट फील्डमध्ये हवी ती मूल्ये थेट भरते, मेथड एकदाच चालवते आणि नंतर तीच फील्ड पुन्हा वाचून अपेक्षित मूल्यांशी ताडून पाहते. नुकतेच आम्ही ही तीन सुटी फील्ड काढून त्यांच्या जागी स्थितीचा एकच ऑब्जेक्ट ठेवला. बाहेरून दिसणारे वर्तन तसूभरही बदलले नव्हते, तरीही जवळजवळ सगळ्या टेस्ट एकदम कोसळल्या. त्या दुरुस्त करण्याऐवजी नव्याने लिहाव्यात असे ठरले आहे, पण कशा लिहाव्यात यावर आमच्यात एकमत होत नाही.

माझ्या अडचणी पुढीलप्रमाणे आहेत. ओपन स्थितीतील वर्तन तपासायचे तर, केवळ पब्लिक मेथड वापरायची झाल्यास, प्रत्येक टेस्टमध्ये आधी पाच कॉल अपयशी करून घ्यावे लागतील. मोजणीच्या कोडमध्ये दोष शिरला तर ओपन स्थितीच्या सगळ्याच टेस्ट लाल (नापास) होतील, आणि मग त्यांना युनिट टेस्ट म्हणावे का, असा प्रश्न उरतो. हाफ-ओपनपर्यंत जायला खरोखरच ३० सेकंद थांबणे तर शक्यच नाही. आणि मला सर्वांत जास्त अडवणारी गोष्ट अशी की, एकही अपयश न आलेला क्लोज्ड ब्रेकर आणि तीन अपयशे पोटात असलेला क्लोज्ड ब्रेकर बाहेरून अगदी सारखेच दिसतात. यशस्वी कॉलनंतर काउंटर शून्यावर आला की नाही, हे फील्ड न वाचता कसे तपासायचे? केवळ टेस्टसाठी एक गेटर, म्हणजे फील्डचे मूल्य बाहेर देणारी मेथड, उघडा करणे योग्य ठरेल का?

पहिले उत्तर

तुमच्या शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण तिचे उत्तर मिळाले की बाकीच्या गोष्टी बऱ्याच सोप्या होतात.

एकही अपयश न आलेला ब्रेकर आणि तीन अपयशे झालेला ब्रेकर सारखे दिसतात, असे तुम्ही म्हणता. परंतु ते पुढच्या एकाच कॉलपुरते सारखे दिसतात. दोघांनाही आणखी दोन अपयशी कॉल द्या आणि त्यानंतरचा कॉल सेवेपर्यंत पोहोचतो का ते पाहा. फरक लगेच उघड होईल. एडवर्ड मूर यांनी १९५६ मध्ये अनुक्रमिक यंत्रांचा विचार नेमका याच दिशेने केला होता. यंत्र उघडून पाहता येत नाही, केवळ आत काय दिले आणि बाहेर काय आले एवढेच दिसते, अशा वेळी दोन स्थितींमध्ये फरक करणारा इनपुटचा एखादा क्रम अस्तित्वात असेल तरच त्या स्थिती भिन्न मानायच्या. तसा कोणताही क्रम नसेल तर त्या बाहेरच्या जगासाठी एकच आहेत. टेस्ट लिहिणाऱ्याने स्वतःला विचारायचा प्रश्नही हाच असतो: ही दोन मूल्ये वेगळी असल्याचे वापरणाऱ्याला कधी आणि कशावरून कळेल?

त्यानुसार, यशस्वी कॉलनंतर काउंटर शून्यावर येतो, या नियमाची टेस्ट अशी होईल. चार कॉल अपयशी करा, एक कॉल यशस्वी करा, पुन्हा चार कॉल अपयशी करा आणि मग आणखी एक कॉल करून तो सेवेपर्यंत पोहोचला याची खात्री करा. काउंटर शून्यावर आणायला कोड विसरला असेल तर यशानंतरच्या पहिल्याच अपयशाला ब्रेकर ओपन होईल आणि टेस्ट लाल होईल. येथे गेटरची गरज पडत नाही. उद्या काउंटरऐवजी यादी ठेवली किंवा स्थितीचा ऑब्जेक्ट ठेवला, तरी या टेस्टमधील एक अक्षरही बदलावे लागणार नाही.

रिफ्लेक्शनने स्थिती भरण्यात टेस्ट ठिसूळ होण्यापेक्षाही मोठा एक धोका आहे, आणि तो तुमच्या उदाहरणात अगदी स्पष्ट दिसतो. समजा, एखाद्या टेस्टने स्थितीच्या फील्डमध्ये ओपन भरले, पण ओपन झाल्याची वेळ भरली नाही. जावामध्ये लाँग प्रकारच्या फील्डचे आरंभीचे मूल्य शून्य असते. आताच्या वेळेतून शून्य वजा केले की उत्तर ३० सेकंदांपेक्षा प्रचंड मोठे येते. म्हणून ब्रेकर त्याच क्षणी हाफ-ओपन होतो आणि कॉल सेवेकडे सोडतो. टेस्टमधील स्टब सेवा (खऱ्या सेवेच्या जागी ठेवलेली नकली सेवा) नेहमीच एक्सेप्शन फेकणारी असेल आणि टेस्ट केवळ कोणतेतरी एक्सेप्शन यावे एवढीच अपेक्षा ठेवत असेल, तर ती हिरवी राहते. ओपन ब्रेकर कॉल अडवतो असे टेस्टचे नाव सांगते, प्रत्यक्षात मात्र कॉल अडवला गेलेलाच नसतो. खऱ्या वापरात कधीच निर्माण होऊ न शकणाऱ्या स्थितीत ऑब्जेक्ट बसवला की टेस्टचा निकाल कोणत्याच बाजूने विश्वसनीय राहत नाही. पब्लिक मेथडच्या वाटेने गेलात तर अशी अशक्य स्थिती तयारच होत नाही.

म्हणून माझी शिफारस अशी आहे की, स्टब सेवेने आपल्याकडे किती कॉल आले ते मोजावे आणि ब्रेकरने कॉल अडवला की नाही याचा निवाडा त्या संख्येवरून करावा. ब्रेकर ओपन करण्याची पायरी टेस्टच्या फाइलमध्येच एका मदतनीस मेथडमध्ये ठेवावी, म्हणजे प्रत्येक टेस्ट वाचताना अशी दिसेल:

```
घड्याळ  = हाताने पुढे सरकवता येणारे घड्याळ
सेवा    = नेहमी अपयशी ठरणारी, आलेले कॉल मोजणारी स्टब
ब्रेकर  = नवा ब्रेकर(मर्यादा: ५, प्रतीक्षा: ३० सेकंद, घड्याळ)

ओपन होईपर्यंत अपयशी करा(ब्रेकर, सेवा)
घड्याळ पुढे सरकवा(२९ सेकंद ९९९ मिलिसेकंद)
ब्रेकरमधून कॉल करा

अपेक्षा: कॉल अडवल्याचे एक्सेप्शन आले
अपेक्षा: सेवेकडे आलेले एकूण कॉल = ५
```

मर्यादा आणि प्रतीक्षेचा काळ कन्स्ट्रक्टरमधून येऊ द्या. ज्या टेस्टचा मर्यादेच्या नेमक्या आकड्याशी संबंध नाही, तिने मर्यादा एक ठेवली तर एकाच अपयशात ब्रेकर ओपन होतो. पाच कॉलची तुमची तक्रार तेथेच मिटते.

घड्याळाबाबत दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. जावा ८ पासून, म्हणजे २०१४ पासून, जावाच्या वेळेच्या पॅकेजमध्ये क्लॉक नावाचा क्लास आहे आणि तो बाहेरून देता येतो. परंतु त्याचे फिक्स्ड रूप एकाच क्षणावर थांबलेले असते, ते पुढे सरकवता येत नाही. त्यासाठी टेस्टमध्ये स्वतःचा छोटा क्लास लिहावा लागतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. भिंतीवरच्या घड्याळाची वेळ संगणक नेटवर्कवरून जुळवून घेतो तेव्हा ती मागेही जाऊ शकते. किती काळ लोटला हे मोजायचे असेल तर नॅनोटाइमसारखा कधीही मागे न जाणारा स्रोत वापरावा आणि क्लॉकऐवजी लाँग मूल्य परत करणारे एखादे छोटे फंक्शन कन्स्ट्रक्टरला द्यावे. हा बदल टेस्टपुरता नाही, त्याने मूळ कोडही सुधारेल.

राहिली एका दोषाने अनेक टेस्ट लाल होण्याची भीती. ती किंमत खरी आहे, पण फारशी जड नाही. मोजणीची स्वतंत्र टेस्ट असली की कोसळलेल्या टेस्टमध्ये सर्वांत साधी टेस्ट कोणती ते पाहूनच दोष कोठे आहे ते कळते. युनिट म्हणजे एकच मेथड, असे कोठेही ठरलेले नाही. येथे युनिट म्हणजे संपूर्ण ब्रेकर.

दुसरे उत्तर

वरच्या उत्तरातील बहुतेक सगळे मला मान्य आहे. मात्र, बाहेरून दिसत नाही ते तपासू नये, हा नियम सरसकट लावला तर काही ठिकाणी मोठे नुकसान होते, आणि तो भाग येथे यायला हवा.

रेड-ब्लॅक ट्रीचे, म्हणजे गाठींना लाल-काळे रंग देऊन स्वतःचा समतोल राखणाऱ्या शोध-ट्रीचे, उदाहरण घ्या. समतोल राखणारा कोड पूर्णपणे बिघडला तरी ट्री शोधाचे प्रत्येक उत्तर बरोबरच देत राहतो. दहा लाख किल्ल्या चढत्या क्रमाने घातल्या तर समतोल नसलेल्या ट्रीची उंची दहा लाख होते, आणि समतोल असलेल्या ट्रीची उंची चाळिसाच्या आत राहते. घालणे, शोधणे आणि काढणे या तीन मेथडचे परिणाम पाहणाऱ्या टेस्टला या दोहोंत काहीच फरक दिसत नाही. वेळ मोजून फरक पकडता येईल, परंतु वेळ मोजणारी टेस्ट वेगवेगळ्या यंत्रांवर वेगवेगळे निकाल देते आणि थोड्याच दिवसांत संघाचा तिच्यावरचा विश्वास उडतो. अशा ठिकाणी क्लासच्या आतच एक पडताळणी करणारी मेथड ठेवणे हा प्रामाणिक मार्ग आहे. लाल गाठीला लाल मूल नाही आणि मुळापासून प्रत्येक टोकापर्यंतच्या वाटेवर काळ्या गाठींची संख्या सारखीच आहे, एवढे ती तपासते आणि खरे किंवा खोटे परत करते. टेस्ट प्रत्येक कृतीनंतर तिला हाक मारते. येथे टेस्टला फील्डची नावे ठाऊक नसतात. ऑब्जेक्ट स्वतःविषयीचा नियम स्वतःच तपासतो.

ती मेथड पब्लिक करण्याचीही आवश्यकता नाही. जावामध्ये पॅकेजपुरती दृश्यता पुरते, कारण टेस्टचा क्लास त्याच नावाच्या पॅकेजमध्ये ठेवता येतो. गो भाषेत त्याच पॅकेजमधील टेस्ट फाइलला आतले सगळे दिसते. रस्टमध्ये टेस्टचे मॉड्यूल त्याच फाइलमध्ये आत लिहिण्याची पद्धत आहे आणि त्याला वरच्या मॉड्यूलमधील प्रायव्हेट गोष्टी वापरता येतात. सी शार्पमध्ये इंटर्नल्स-व्हिजिबल-टू या ॲट्रिब्यूटने टेस्टच्या असेंब्लीला परवानगी देता येते. या सगळ्या मार्गांत आणि रिफ्लेक्शनमध्ये मूलभूत फरक आहे. नाव बदलले तर येथे कंपायलर लगेच सांगतो, आणि रिफ्लेक्शनमध्ये मात्र फील्डचे नाव स्ट्रिंगमध्ये असल्यामुळे टेस्ट चालवेपर्यंत काहीच कळत नाही. जावामध्ये टेस्टसाठी नकली ऑब्जेक्ट बनवणाऱ्या मॉकिटो या लायब्ररीनेही प्रायव्हेट फील्डमध्ये हात घालणारा आपला व्हाइटबॉक्स क्लास दुसऱ्या मालिकेत काढून टाकला, हे येथे नमूद करण्याजोगे आहे.

आता तुमच्या ब्रेकरकडे वळतो. तुम्ही स्थितीचा एक ऑब्जेक्ट केला आहे, तर आणखी एक पाऊल पुढे जा. स्थितीला न बदलणारे मूल्य करा आणि संक्रमणाचे नियम एका शुद्ध फंक्शनमध्ये लिहा. त्या फंक्शनला सध्याची स्थिती, घडलेली घटना आणि आताची वेळ द्यायची आणि त्याने नवी स्थिती परत करायची. जावा १७ मध्ये सील्ड इंटरफेस आणि रेकॉर्ड दोन्ही उपलब्ध असल्यामुळे हे फार नीटनेटके लिहिता येते. क्लोज्ड या रेकॉर्डमध्ये अपयशांची संख्या असेल, ओपन या रेकॉर्डमध्ये ओपन झाल्याची वेळ असेल, आणि हाफ-ओपनमध्ये चाचपणीचा कॉल सुरू आहे की नाही एवढेच असेल. वेळेशिवाय ओपन स्थिती तयार करणे आता कंपायलरच होऊ देणार नाही. वरच्या उत्तरात सांगितलेली अशक्य स्थिती टेस्टमधूनच नव्हे तर संपूर्ण कोडमधून हद्दपार होते.

मग टेस्ट फारच सोप्या होतात. चार अपयशांची क्लोज्ड स्थिती थेट तयार करा, अपयशाची घटना द्या, ओपन स्थिती परत आली का ते पाहा. येथे कोणतीही स्थिती थेट तयार करण्यात गैर काहीच नाही, कारण या फंक्शनसाठी स्थिती ही आतली गोष्ट राहिलेली नसून ती त्याचा इनपुट आणि आउटपुट झालेली आहे. बाहेरचा ब्रेकर केवळ ती स्थिती ॲटॉमिक रेफरन्समध्ये सांभाळतो, आणि त्याच्यासाठी पहिल्या उत्तरातल्यासारख्या मोजक्या टेस्ट पुरतात.

पहिल्या उत्तराच्या लेखकाची पुरवणी

ट्रीचे उदाहरण मला पूर्णपणे मान्य आहे. तेथे वेग हाच कराराचा भाग आहे आणि तो उत्तरांतून दिसत नाही.

शुद्ध फंक्शनबाबत एकच सावधगिरी सुचवावीशी वाटते. प्रत्येक स्थिती आणि प्रत्येक घटना यांच्या जोडीला एक टेस्ट, असे लिहीत गेलात तर टेस्टची फाइल ही त्या फंक्शनमधील स्विचची नक्कल होऊन बसते. नियम चुकीचा समजून घेतला असेल तर तोच चुकीचा नियम दोन्हीकडे लिहिला जातो आणि दोन्ही एकमेकांशी जुळतात. लागोपाठ घटनांच्या टेस्ट, म्हणजे चार अपयशे, एक यश, पुन्हा चार अपयशे अशा स्वरूपाच्या, फंक्शन शुद्ध असले तरी लिहाव्यातच. नियमाचा अर्थ एका पायरीत क्वचितच दिसतो, तो क्रमात दिसतो.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

दोन्ही उत्तरांबद्दल मनःपूर्वक आभार. संक्रमणाचे फंक्शन वेगळे करण्याचे काम सुरू केले आहे आणि वेळेचा स्रोत कन्स्ट्रक्टरमधून दिला आहे.

परंतु एक नवी अडचण समोर आली आहे. प्रत्येक सेवेच्या नावाला एक ब्रेकर, अशी नोंद ठेवणारा एक स्टॅटिक मॅप जुन्या कोडमध्ये आहे आणि सगळे क्लास तेथूनच ब्रेकर मागून घेतात. एखादी टेस्ट एकटी चालवली तर हिरवी असते, सगळ्या एकत्र चालवल्या तर कधी हिरवी तर कधी लाल. आमच्या टेस्ट चालवणारी लायब्ररी जेयुनिट प्रत्येक टेस्ट मेथडसाठी टेस्ट क्लासचा नवा ऑब्जेक्ट तयार करते, म्हणून प्रत्येक टेस्ट कोरी पाटी घेऊन सुरू होते, असे आम्ही गृहीत धरले होते. हा मॅप वापरणारी ठिकाणे इतकी आहेत की सगळी एकदम बदलणे सध्या शक्य नाही.

तिसरे उत्तर

जेयुनिटविषयीचे गृहीतक अर्धेच खरे आहे. ऑब्जेक्ट नवा मिळतो हे खरे, पण स्टॅटिक फील्ड ऑब्जेक्टमध्ये नसते, ते क्लाससोबत राहते आणि जेव्हीएम सुरू आहे तोवर टिकून राहते. एका टेस्टने ओपन करून ठेवलेला ब्रेकर दुसऱ्या टेस्टला तसाच मिळतो. जावा ७ आल्यावर हा दोष अनेक प्रकल्पांत एकाच वेळी उघडा पडला होता. रिफ्लेक्शनकडून मिळणारा मेथडचा क्रम त्या आवृत्तीपासून भरवशाचा राहिला नाही, आणि योगायोगाने ठरावीक क्रमात चालणाऱ्या टेस्ट विस्कळीत झाल्या. पुढे जेयुनिटच्या ४.११ या आवृत्तीने क्रम निश्चित करून दिला. क्रम निश्चित झाला म्हणून टेस्ट एकमेकींपासून स्वतंत्र झाल्या असे होत नाही; तो दोष केवळ पुन्हा झाकला जातो.

सगळी ठिकाणे एकदम बदलण्याची आवश्यकता नाही. मायकेल फेदर्स यांनी जुन्या कोडच्या संदर्भात सीम ही कल्पना मांडली आहे: जेथे कोड त्याच जागी न बदलता वर्तन बदलता येते अशी जागा. तुमच्याकडे ती जागा म्हणजे मॅपमधून ब्रेकर देणारी स्टॅटिक मेथड. मॅपला एका साध्या क्लासमध्ये हलवा, त्या क्लासचा एक ऑब्जेक्ट स्टॅटिक फील्डमध्ये ठेवा आणि जुनी स्टॅटिक मेथड त्या ऑब्जेक्टकडे काम सोपवू द्या. वापरणाऱ्या क्लासमध्ये एका ओळीचाही बदल होत नाही. त्यानंतर ज्या क्लासला तुम्ही कोणत्याही कारणाने हात लावाल, त्याच्या कन्स्ट्रक्टरला हा ऑब्जेक्ट द्यायला सुरुवात करा, आणि स्टॅटिक मेथडचा वापर हळूहळू आटत जाईल.

तोपर्यंत प्रत्येक टेस्टच्या आधी तो ऑब्जेक्ट नवा करणारी पॅकेजपुरती दृश्य मेथड ठेवावी लागेल. ती टेस्टनंतर न चालवता टेस्टच्या आधी चालवावी असे मी आग्रहाने सांगतो. नंतर चालवली तर प्रत्येक टेस्टला आधीच्या टेस्टने आवराआवर केली असेल यावर विसंबावे लागते, आणि ज्या टेस्टमध्ये ही आवराआवर कोणी लिहिलीच नाही तिचा त्रास भलत्याच टेस्टला होतो. याशिवाय टेस्टचा क्रम मुद्दाम बदलत चालवावा. जेयुनिट ५ मध्ये यादृच्छिक क्रमाची सोय आहे आणि वापरलेले बीज (यादृच्छिक क्रम ज्यावरून ठरतो तो आकडा) देऊन तोच क्रम पुन्हा मिळवता येतो, त्यामुळे लाल झालेल्या टेस्टचा माग काढणे कठीण जात नाही.

चौथे उत्तर

क्रमांची चर्चा निघाली आहे, म्हणून एक मार्ग सुचवतो. ब्रेकरसारख्या, स्थिती बाळगणाऱ्या कोडसाठी तो मला सर्वांत फलदायी वाटतो.

हाताने लिहिलेल्या टेस्टमध्ये आपल्याला सुचतील तेवढेच क्रम येतात, आणि जे क्रम आपल्याला सुचले ते बहुधा कोड लिहितानाही सुचलेले असतात. कोएन क्लासेन आणि जॉन ह्यूज यांनी २००० मध्ये हॅस्केलसाठी क्विकचेक सादर केले. गुणधर्म माणसाने सांगायचे आणि उदाहरणे यंत्राने तयार करायची, ही त्यामागची कल्पना. पुढे तीच कल्पना स्थिती असलेल्या कोडपर्यंत नेण्यात आली. पायथनमध्ये हायपोथेसिस या लायब्ररीच्या नियमाधारित स्टेट मशीनने हे करता येते आणि जावामध्ये जेक्विक ही लायब्ररी उपलब्ध आहे.

तुमच्यासाठी कृती चारच आहेत: यशस्वी कॉल, अपयशी कॉल, मोजू नये असे (म्हणजे ब्रेकरने अपयश म्हणून न धरायचे) एक्सेप्शन देणारा कॉल, आणि घड्याळ पुढे सरकवणे. यंत्र या कृतींचे यादृच्छिक क्रम तयार करते. प्रत्येक क्रम खऱ्या ब्रेकरवर चालवायचा आणि सोबत एका अत्यंत साध्या प्रतिकृतीवरही चालवायचा. प्रतिकृती म्हणजे आतापर्यंतच्या घटनांची संपूर्ण यादी ठेवून, पुढचा कॉल सेवेपर्यंत जायला हवा की नाही हे दर वेळी ती यादी पहिल्यापासून वाचून ठरवणारा कोड. तो संथ असला तरी चालेल, पण वाचताक्षणी बरोबर आहे असे पटले पाहिजे. प्रत्येक पायरीवर दोघांचे उत्तर जुळले पाहिजे, एवढीच अपेक्षा. येथे खऱ्या ब्रेकरच्या आत काय आहे हे कोणीच विचारत नाही, तरीही त्याची अंतर्गत स्थिती कसून तपासली जाते. दोष सापडला की साधन तो क्रम आपणहून लहान करत नेते, आणि शेवटी हाती येतो तो बहुतेक वेळा वाचता येण्याइतका छोटा क्रम असतो.

यात एकाच वेळी चालणारे थ्रेड मात्र येत नाहीत, त्यांच्यासाठी वेगळी टेस्ट लिहावी. हाफ-ओपनमध्ये एकच कॉल सोडायचा, हा नियम तपासताना स्लीपचा, म्हणजे थ्रेडला ठरावीक वेळ थांबवून ठेवण्याचा, वापर करू नये. स्टब सेवेला एका काउंटडाउन लॅचवर (मोकळे करेपर्यंत थ्रेडला अडवून ठेवणाऱ्या ऑब्जेक्टवर) थांबवून ठेवा, म्हणजे चाचपणीचा पहिला कॉल एका थ्रेडमध्ये सेवेच्या आत अडकून राहील. तो आत पोहोचल्याची खात्री दुसऱ्या लॅचने करून घ्या आणि मग मुख्य थ्रेडमधून दुसरा कॉल करा. तो अडवला गेला पाहिजे. त्यानंतर पहिल्या लॅचला मोकळे करा. दोन्ही कॉल नेमक्या कोणत्या क्षणी कोठे आहेत हे टेस्टच ठरवत असल्यामुळे ही टेस्ट प्रत्येक यंत्रावर तोच निकाल देते.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

जेक्विक वापरून प्रतिकृतीशी तुलना करणारी टेस्ट लिहिली आणि तिने एक खरा दोष दाखवला. मर्यादा एक ठेवलेली असल्यामुळे लहान होत होत उरलेला क्रम असा होता: एक अपयशी कॉल, घड्याळ ३० सेकंद पुढे, मोजू नये असे एक्सेप्शन देणारा कॉल, आणि मग यशस्वी ठरू शकणारा कॉल. हा शेवटचा कॉल आमचा ब्रेकर अडवतो, आणि त्यानंतरचे सगळे कॉलही कायम अडवत राहतो.

कारण कोडमध्ये लगेच दिसले. चाचपणीचा कॉल सुरू आहे अशी खूण केली जाते, आणि ती यश किंवा अपयश नोंदवतानाच पुसली जाते. मोजू नये असे एक्सेप्शन या दोहोंपैकी कोणत्याच वाटेने जात नाही, म्हणून खूण तशीच राहते. जुन्या टेस्टमध्ये हे दिसणे शक्यच नव्हते, कारण त्यातील प्रत्येक टेस्ट फील्ड भरून एकच कॉल करत होती आणि त्या एका कॉलनंतरची स्थिती हाफ-ओपन असणे बरोबरच होते.

आता प्रश्न दुरुस्तीचा नसून अपेक्षेचा आहे. अशा कॉलनंतर ब्रेकरने हाफ-ओपनच राहून पुढच्या कॉलला संधी द्यावी, की क्लोज्ड व्हावे? आमच्या प्रतिकृतीत सध्या पहिला पर्याय लिहिलेला आहे.

दुसऱ्या उत्तराच्या लेखकाची पुरवणी

हे एक्सेप्शन कोठे निर्माण होते त्यावर उत्तर अवलंबून आहे, आणि बहुधा तुमच्याकडे मोजू नयेत अशा एक्सेप्शनच्या एकाच यादीत दोन वेगळ्या गोष्टी आल्या आहेत.

विनंती तुमच्या स्वतःच्या प्रक्रियेतून बाहेर पडण्याआधीच, उदाहरणार्थ चुकीच्या पॅरामीटरमुळे, एक्सेप्शन आले असेल तर सेवेविषयी काहीच कळलेले नाही. तेव्हा खूण पुसून हाफ-ओपनच राहावे आणि पुढचा कॉल चाचपणीचा मानावा. याउलट सेवेनेच विनंती वाचून ती चुकीची आहे असे उत्तर दिले असेल, म्हणजे ४०० किंवा ४०४ यांसारखा एचटीटीपी संकेतांक आला असेल, तर सेवा जिवंत आहे आणि उत्तर देत आहे. ब्रेकरच्या दृष्टीने ते यश आहे आणि त्याने क्लोज्ड व्हावे. ४२९ हा संकेतांक मात्र या गटात धरू नका, कारण सेवा स्वतःच कॉल कमी करा असे सांगत असते. ते अपयश मानावे.

संक्रमणाच्या फंक्शनमध्ये यश आणि अपयश यांच्या जोडीला अनिर्णित ही तिसरी घटना आणा, वरच्या तीन प्रकारांची वर्गवारी ब्रेकरच्या बाहेर एका छोट्या फंक्शनमध्ये ठेवा आणि तिच्या टेस्ट वेगळ्या लिहा. तिला कोणतीच स्थिती नसल्यामुळे त्या अगदी सरळ होतील. जेक्विकने दिलेला चार पायऱ्यांचा क्रम नावानिशी स्वतंत्र टेस्ट म्हणूनही जतन करा, कारण यादृच्छिक क्रमात तो प्रत्येक वेळी पुन्हा येईलच असे नाही.